रद्दी कुणाची वाढली? जपान आणि चीनच्या आकड्यांतून समजून घेऊया टक्केवारीचा खेळ

गेल्या वर्षी आमच्या शाळेत रद्दी गोळा करण्याची स्पर्धा ठेवली होती. सातवी ‘अ’ आणि सातवी ‘ब’ अशा दोन तुकड्या. ‘अ’ने आदल्या वर्षी ४० किलो रद्दी आणली होती, या वेळी १२० किलो आणली. ‘ब’ने आदल्या वर्षी १५० किलो आणली होती, या वेळी १६५ किलो. फळ्यावर हिशेब मांडला. ‘अ’ची वाढ २०० टक्के, ‘ब’ची फक्त १० टक्के. मी ढाल ‘अ’ला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी ‘ब’ची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. म्हणाली, “टीचर, आमची रद्दी जास्त होती ना? मग आम्ही हरलो कसे?”

मी तिला टक्केवारी समजावून सांगितली. ती गप्प बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, हे चेहऱ्यावरून कळत होतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. मग मी दोन्ही वर्गांत थोडी चौकशी केली. ‘अ’मधल्या एका मुलाच्या अब्बूंचं मोबाइलच्या सामानाचं दुकान आहे. या वर्षी दुकानातली सगळी रिकामी खोकी त्याने वर्गाच्या नावावर आणली होती. ‘ब’मध्ये मात्र बऱ्याच घरांत पेपर येणंच बंद झालं होतं, कारण बातम्या आता मोबाइलवर वाचतात. तरीही त्या मुलांनी घरात होता नव्हता तो कागद शोधून आणला होता.

म्हणजे मी ढाल दिली ती मेहनतीला की खोक्यांना? हा प्रश्न डोक्यात राहिला. नंतर जगातल्या देशांचे रद्दीचे आकडे पाहिले, तेव्हा लक्षात आलं की हाच घोळ मोठमोठ्या तक्त्यांतही होतो. त्याचं सर्वात चांगलं उदाहरण म्हणजे जपान आणि चीन.

रद्दीचं ‘उत्पादन’ म्हणजे काय?

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना, म्हणजे एफएओ, दर वर्षी देशोदेशीचे आकडे जाहीर करते. गहू, तांदूळ, दूध यांच्याबरोबर जंगलातून मिळणाऱ्या मालाचेही आकडे त्यात असतात. लाकूड, लगदा, कागद आणि त्याच यादीत रद्दी. तिथे रद्दीसमोर ‘उत्पादन’ असा रकाना आहे.

हे वाचून गोंधळ होऊ शकतो. रद्दी कोणी कारखान्यात बनवत नाही. इथे उत्पादन याचा अर्थ एवढाच की त्या देशात एका वर्षात वापरलेला कागद आणि पुठ्ठा किती टन गोळा झाला, जो पुन्हा कागद बनवण्यासाठी गेला. मग तो देशातल्या गिरणीत जावो नाहीतर जहाजात भरून परदेशात. जो कागद कचऱ्यात गेला, जळाला किंवा कपाटात पडून राहिला, तो यात धरत नाहीत.

म्हणून रद्दीचं उत्पादन दोन गोष्टींवर अवलंबून असतं. एक, देशात कागद वापरला किती. दोन, वापरलेल्यातला परत किती मिळवला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

वीस वर्षांचा हिशेब

आकडे ढोबळ घेऊया, म्हणजे डोक्यात बसतील.

जपानमध्ये २००० साली सुमारे १.८ कोटी टन रद्दी गोळा झाली. २००७ च्या सुमारास हा आकडा २.३ कोटी टनांपर्यंत चढला. मग उतरत गेला, आणि २०२० मध्ये तो परत १.८ ते १.९ कोटी टनांच्या आसपास आला. वीस वर्षांत वाढ जवळजवळ शून्य.

चीनमध्ये २००० साली देशातल्या देशात सुमारे १ कोटी टन रद्दी गोळा झाली. २०१० मध्ये ४ कोटी टन. २०२० मध्ये ५.५ कोटी टन. वीस वर्षांत साडेपाच पट!

इथे मुलांची हमखास होणारी एक चूक सांगते. साडेपाच पट झाली म्हणजे ५५० टक्के वाढ झाली, असं नाही. मूळचे १०० टक्के वजा करायचे. वाढ ४५० टक्के. आणि ४५० ला २० ने भागून ‘दर वर्षी साडेबावीस टक्के’ असंही म्हणता येत नाही. ही चक्रवाढ आहे, बँकेतल्या व्याजासारखी. दर वर्षी सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढ झाली, तरी वीस वर्षांत साडेपाच पट होते.

आता बातमी करायची झाली तर मथळा तयार आहे: ‘रद्दी गोळा करण्यात चीनची ४५० टक्के झेप, जपान जागच्या जागी’. मथळ्यात एकही आकडा खोटा नाही. तरी वाचणाऱ्याचा समज चुकीचाच होईल. का ते बघूया.

जपान: वाढ शून्य दिसते, पण

२००० साली जपानमध्ये जवळपास ३.२ कोटी टन कागद आणि पुठ्ठा वापरला जात होता. २०२० मध्ये फक्त सव्वादोन कोटी टन. हे घडलं कसं? लोकसंख्या कमी होत आहे, कार्यालयं संगणकावर गेली, आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे वर्तमानपत्रांचा खप पडला. २००० साली जपानमध्ये रोज पाच कोटींहून जास्त प्रती खपत होत्या. २०२० मध्ये त्या साडेतीन कोटींवर आल्या. शिवाय त्या वर्षी कोरोनाचीही मार होतीच.

आता दुसरा हिशेब करा. २००० साली जपान १०० किलो कागद वापरत असेल, तर त्यातला ५८ किलोच्या आसपास परत मिळवत होता. २०२० मध्ये १०० किलोतला ८० किलोहून जास्त. जपान जर ५८ वरच थांबला असता, तर २०२० मध्ये त्याच्या हाती सुमारे १.३ कोटी टनच रद्दी लागली असती. प्रत्यक्षात त्याहून ५० लाख टनांपेक्षा जास्त रद्दी मिळाली. वाढीच्या रकान्यात शून्य दिसतं, पण त्या शून्याच्या आत ५० लाख टनांची मेहनत लपलेली आहे.

ही अगदी आमच्या ‘ब’ तुकडीची गोष्ट. घरात पेपर येणंच कमी झालं, पण जे आलं त्यातलं काही वाया जाऊ दिलं नाही.

ही सवय जपानला एका रात्रीत लागली नाही. १९७१ मध्ये टोकियोत कचऱ्याचा प्रश्न एवढा चिघळला की गव्हर्नर र्‍योकिची मिनोबे यांनी ‘कचऱ्याविरुद्ध युद्ध’ जाहीर केलं. शहराचा कचरा वर्षानुवर्षे कोतो नावाच्या भागाकडे जात होता. दुर्गंधी, माश्या, दिवसभर गाड्यांची रीघ. दुसरीकडे सुगिनामी या भागातले लोक आपल्याकडे कचरा जाळण्याचा प्रकल्प नको म्हणून अडून बसले होते. शेवटी कोतोवाल्यांनी सुगिनामीच्या कचऱ्याच्या गाड्या रस्त्यातच अडवल्या. तुमचा कचरा आम्ही का सोसायचा, हा त्यांचा सवाल होता. देवनारच्या डम्पिंगशेजारी राहणाऱ्या गोवंडीकरांना हा सवाल वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

त्यानंतर दोनच वर्षांत, १९७३ मध्ये, जगात तेलाचं संकट आलं. जपानमध्ये अफवा पसरली की आता कागद मिळणार नाही, आणि टॉयलेट पेपरसाठी दुकानांसमोर झुंबड उडाली. कागद ही जपून वापरायची वस्तू आहे, हे त्या पिढीच्या मनावर तेव्हा पक्कं कोरलं गेलं. गल्लीतून हळूहळू फिरणारी गाडी, वरच्या भोंग्यातून पुकारा, आणि जुन्या पेपरांच्या बदल्यात टॉयलेट पेपरचा रोल, हे चित्र तिथे अनेक वर्षं रोजचं होतं. आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका येतात ना, तसंच काहीसं.

पण खरा कणा होता मोहल्ल्याचा. तिथे वस्तीच्या समित्या, शाळांचे पालक संघ आणि मुलांची मंडळं मिळून ठरलेल्या दिवशी रद्दी गोळा करतात. पेपर वेगळे, मासिकं वेगळी, पुठ्ठा वेगळा, आणि प्रत्येकाचा सुतळीने बांधलेला गठ्ठा. दुधाची खोकी धुवून, कापून, उलगडून, वाळवून द्यायची. रद्दीवाल्याकडून मिळालेले पैसे त्या मंडळाचे. शिवाय अनेक नगरपालिका किलोमागे थोडं अनुदानही देतात. त्यातून शाळेला चेंडू, वस्तीला खुर्च्या अशा गोष्टी येतात. कोणी श्रीमंत होत नाही, पण काम टिकतं.

चीन: झेप खरी, पण कशाच्या जोरावर?

आता चीनकडे वळूया. कागदाचा शोधच चीनमधला. इ. स. १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने कागद बनवण्याची रीत सम्राटापुढे मांडली, असं तिथला इतिहास सांगतो. त्याने वापरलं काय होतं? झाडाची साल, चिंध्या आणि मासे पकडायची फाटकी जाळी. म्हणजे कागदाची सुरुवातच टाकाऊ वस्तूंपासून झाली.

पण १९८० आणि ९० च्या दशकांत चीनपुढे मोठी अडचण होती. कारखाने वाढत होते, माल परदेशी जात होता, आणि प्रत्येक वस्तूला खोकं लागत होतं. जंगल मात्र पुरेसं नाही. गवत-पेंढ्यापासून लगदा बनवणाऱ्या हजारो छोट्या गिरण्या होत्या, त्यांनी नद्या काळ्या केल्या. १९९६ मध्ये ह्वाय नदीच्या खोऱ्यातल्या अशा कितीतरी गिरण्या सरकारने बंद केल्या. मग पुठ्ठा बनवायचा कशापासून?

उत्तर होतं रद्दी, तीही परदेशातली. इथे चांग यिन या बाईंचं नाव घ्यावंच लागतं. १९९० मध्ये त्या अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेल्या आणि तिथली रद्दी विकत घेऊन चीनला पाठवायला लागल्या. त्यांनी एक साधी गोष्ट हेरली. चीनमधून मालाने भरलेली जहाजं अमेरिकेला जातात आणि परत येताना जवळजवळ रिकामी येतात. रिकाम्या कंटेनरचं भाडं अगदी स्वस्त. मग त्यात रद्दी का भरू नये? १९९५ मध्ये त्यांनी चीनमध्ये ‘नाइन ड्रॅगन्स’ ही पुठ्ठ्याची कंपनी काढली. २००६ मध्ये त्या चीनमधल्या सर्वात श्रीमंत व्यक्ती ठरल्या. रद्दीच्या धंद्याला हलकं समजणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

२०१२ पर्यंत चीन वर्षाला ३ कोटी टन रद्दी बाहेरून आणत होता. त्याच काळात देशातही रद्दी वाढत होती, कारण कागदाचा वापरच प्रचंड वाढला. २००० साली सुमारे ३.६ कोटी टन, २०१० मध्ये ९ कोटींच्या वर, आणि २०२० मध्ये जवळपास १२ कोटी टन. त्यात ऑनलाइन खरेदीची भर पडली. २०१० मध्ये चीनमध्ये कुरियरची सुमारे २३४ कोटी पार्सलं पोचवली गेली. २०२० मध्ये हाच आकडा ८,३०० कोटींच्या वर गेला. पार्सल आलं की घरात खोकं आलंच.

ही खोकी गोळा कोण करतं? बहुतांश गावाकडून शहरात आलेली गरीब माणसं. तीनचाकी सायकल, वजनकाटा आणि दिवसभर पायपीट. तिथल्या मोठ्या गिरण्यांची सुरुवात या माणसांच्या हातगाडीपासून होते, पण त्यांची नावं कुठल्याही तक्त्यात येत नाहीत.

आता जपानसाठी केला तोच हिशेब चीनसाठी करूया. २००० साली चीन १०० किलो कागदातला सुमारे २८ किलो परत मिळवत होता. २०२० मध्ये ४६ किलोच्या आसपास. तो २८ वरच थांबला असता, तरी नुसता वापर वाढल्यामुळे २०२० मध्ये सुमारे ३.३ कोटी टन रद्दी गोळा झालीच असती. म्हणजे १ कोटीवरून ५.५ कोटीपर्यंतच्या वाढीत साधारण निम्मा भाग ‘कागद जास्त वापरला’ याचा आहे, आणि निम्मा भाग ‘गोळा करणं सुधारलं’ याचा.

चीनची मेहनत खोटी आहे, असं मी म्हणत नाही. २८ वरून ४६ वर जाणं, तेही एवढ्या मोठ्या देशात, सोपं काम नाही. पण ४५० टक्क्यांचा सगळा मान मेहनतीला देता येत नाही. निम्मा मान खोक्यांचा आहे.

दरवाजा बंद झाला, आणि घरातली रद्दी आठवली

या गोष्टीला २०१७ मध्ये मोठं वळण लागलं. परदेशातून येणाऱ्या रद्दीत प्लास्टिक, काच, उष्टं अन्न, काय वाट्टेल ते मिसळलेलं असायचं. त्या वर्षी चीनने जाहीर केलं की मिसळलेली रद्दी वर्षअखेरपासून घेणार नाही. मार्च २०१८ पासून नियम आणखी कडक झाला: रद्दीत इतर घाण अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त चालणार नाही. म्हणजे २०० किलोच्या ढिगात एक किलो. आणि १ जानेवारी २०२१ पासून दरवाजा पूर्ण बंद.

याचा परिणाम आकड्यांत लगेच दिसतो. २०२० मध्ये देशातली ५.५ कोटी टन रद्दी २०२१ मध्ये ६.५ कोटी टनांवर गेली. एका वर्षात १८ टक्के. बाहेरचा माल बंद झाल्यावर गिरण्यांनी घरातली रद्दी शोधून काढली. १०० किलोतलं प्रमाणही ५० च्या वर सरकलं. त्याआधी २०१९ पासून शांघायसारख्या शहरांत घरोघरी कचरा वेगळा करणं सक्तीचं झालं होतं, त्याचीही मदत झाली.

वाढ कुठून आली, हे पाहायचं ते यासाठी. जपानमध्ये ती सवयीतून आली, म्हणून हळूहळू आली आणि टिकली. चीनमध्ये ती गरजेतून आली, म्हणून झपाट्याने आली. एक रस्ता चांगला आणि दुसरा वाईट, असं नाही. दोन देशांची परिस्थितीच वेगळी होती.

टक्केवारीलाही फसवता येतं

आता कोणी म्हणेल, मग टन सोडा, १०० किलोत किती परत मिळवला तेवढंच पाहा. जपान ८०, चीन ४६, विषय संपला. पण इथेही एक खाच आहे.

समजा, चीनमध्ये एक टीव्ही बनला, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसला आणि अमेरिकेला गेला. ते खोकं चीनमध्ये ‘वापरलेला कागद’ म्हणून मोजलं जातं, कारण पुठ्ठा तिथल्या कारखान्याने घेतला. पण रिकामं खोकं अमेरिकेतल्या घरात निघतं. चीनमध्ये ते कधीच गोळा होऊ शकत नाही. म्हणजे चीनचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. उलट जो देश परदेशी माल खूप आणतो, त्याला दुसऱ्याची खोकी फुकट मिळतात आणि त्याचं प्रमाण फुगतं.

माणशी हिशेब केला तर चित्र आणखी वेगळं दिसतं. २०२० मध्ये जपानमध्ये माणशी सुमारे १८० किलो कागद वापरला गेला, चीनमध्ये माणशी सुमारे ८५ किलो. जो घरात कागद आणतोच निम्मा, त्याच्याकडून दुसऱ्याइतकी रद्दी कशी निघेल? कमी वापरणं ही काही चूक नाही. उलट झाड वाचवायचं असेल तर रद्दी गोळा करण्याआधीची पायरी तीच आहे.

आणि १०० पैकी १०० कोणालाच मिळत नाहीत. टिश्यू पेपर परत येत नाही, पुस्तकं कपाटात राहतात, तेलकट खोकी कामाची नसतात. शिवाय कागदाचे तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते इतके बारीक होतात की कागद धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून दर वेळी थोडा नवा लगदा घालावाच लागतो. जपान ८० वर पोचून थांबला, तो आळसामुळे नाही. वर चढायला पायऱ्याच थोड्या उरल्या आहेत. ज्या मुलाला ९० मार्क आहेत त्याचे ९५ होणं आणि ज्याला ४० आहेत त्याचे ६० होणं, यांची तुलना नुसत्या वाढीवर करता येत नाही. घरी आपण भावंडांची तुलना करतो तेव्हाही हे विसरतो.

याचा आपल्याशी संबंध काय?

संबंध सरळ खिशाशी आहे. चीनने दरवाजा बंद केल्यावर अमेरिका-युरोपची रद्दी कुठे गेली? व्हिएतनाम, इंडोनेशिया, मलेशिया आणि भारत. आपल्याकडे वापीपासून मुझफ्फरनगरपर्यंत कितीतरी गिरण्या रद्दीवर चालतात, आणि त्या देशी रद्दीबरोबर परदेशी रद्दीही घेतात. बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागला की गल्लीतल्या रद्दीचा भाव पडतो. २०२१ मध्ये जगभर कंटेनरचं भाडं भडकलं, परदेशी रद्दी महाग पडली, तेव्हा इथला भाव चढला. धारावी, गोवंडी, भिवंडी, मालेगाव... आपल्या किती वस्त्यांतली घरं या धंद्यावर चालतात ते सांगायला नको. पस्तीवाल्या भाईंचा भाव एका आठवड्यात का उतरला, याचं कारण कधी कधी नाक्यावर नसतं, हजारो मैलांवरच्या बंदरात असतं.

दुसरी गोष्ट, चीनने माल नाकारला तो घाणीमुळे. कागद भिजला, त्यात तेल-मसाला लागला, प्लास्टिक मिसळलं, की त्याची किंमत जाते. गिरणीत रद्दी पाण्यात घुसळून लगदा करतात, मग चाळण्यांतून पिना, चिकटपट्टी, प्लास्टिक काढतात, शाई काढतात. आत जितकी घाण कमी, तितका कागद जास्त हाती लागतो. म्हणून पेपर वेगळे, वह्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा आणि सगळं कोरडं ठेवलं, तर भाव आपल्यालाही बरा मिळतो आणि कचऱ्यातून कागद वेचणाऱ्या बाईचे हातही कमी खराब होतात.

आकडा दिसला की विचारायचे चार प्रश्न

मी आता वर्गात मुलांना चार प्रश्न लिहून देते. वाढीचा कुठलाही आकडा समोर आला, मग तो रद्दीचा असो, परीक्षेच्या निकालाचा असो किंवा एखाद्या योजनेच्या जाहिरातीतला असो, हे विचारायचं:

१. सुरुवात कितीपासून झाली? एकाचे तीन होणं आणि दीडशेचे एकशे पासष्ट होणं यांत टक्केवारी पहिल्याची मोठी, प्रत्यक्ष वाढ दुसऱ्याची मोठी.

२. कितीपैकी किती? नुसते टन किंवा नुसती बेरीज पुरेशी नाही. हातात होतं त्यातलं किती मिळवलं, ते बघा.

३. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत? जपानचं १९९० ते २००७ घेतलं तर रद्दी १.४ कोटी टनांवरून २.३ कोटींवर, म्हणजे ६० टक्क्यांहून जास्त वाढ. २००७ ते २०२० घेतलं तर सुमारे २० टक्के घट. देश तोच, रकाना तोच. वर्षं निवडणाऱ्याच्या हातात मथळा असतो.

४. वाढ कशामुळे झाली? मेहनतीमुळे, गरजेमुळे, की नुसती खोकी जास्त आली म्हणून?

या चार प्रश्नांवर जपान आणि चीन दोघांनाही तपासलं, तर उत्तर असं येतं: टनांची वाढ चीनची मोठी, हातातलं वाया न घालवण्यात जपान पुढे, आणि दोघांनाही एकाच रकान्यात बसवून एकाला पास, दुसऱ्याला नापास म्हणणं चुकीचं.

आमच्या शाळेतल्या ढालीचं काय झालं? ती मी परत मागितली नाही. ‘अ’च्या मुलांनी खोकी आणली होती तीही खरीच होती. पण प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर मी सांगितलं की हिशेब माझा अपुरा होता. नोटीस बोर्डावर आता तीन रकाने आहेत: किती किलो आणली, आदल्या वर्षापेक्षा किती वाढली, आणि किती घरांतून आली. तिसरा रकाना ‘ब’मधल्या त्याच मुलीने सुचवला.

या वर्षी तिसऱ्या रकान्यात ‘ब’ पुढे आहे. त्यांची रद्दी गेल्या वर्षापेक्षा ८ किलोने कमी भरली, पण वर्गातल्या एकाही घराचं नाव सुटलेलं नाही.